मास्कमागचं गाऱ्हाणं

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मिरकरवाड्यावर मासे घ्यायला गेले की कल्ले उघडून लाल दिसल्याशिवाय मी पिशवी पुढे करत नाही, आणि लाल दिसले तरी बोट घासून बघते. शाळेत शिकवते. परीक्षेला एखादं पोर फारच शहाण्यासारखं बसलेलं दिसलं की मी पहिली त्याच्या बाकापाशी जाते. कॉपी पकडण्यात आमच्या शाळेत माझा हात धरणारं कुणी नाही. अशा बाईच्या घरात तिची स्वतःची मुलगी वर्षभर तोंड लपवून वावरली, आणि बाईला वाटत होतं की पोरगी धुळीला जपते आहे.

मुलीचं नाव रेवा. अकरावीला होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं त्याला शाळेच्या पुस्तकात तारुण्यपीटिका म्हणतात, डॉक्टर ॲक्ने म्हणतात, माझ्या सासूबाई पुळ्या म्हणतात. कॉलेजातली मुलं काय म्हणायची ते रेवानं मला आजवर सांगितलेलं नाही.

‘पुळ्या काय, सगळ्यांनाच येतात,’ असं ज्यांना वाटतं त्यांना हे वाचून माझं हसू येईल. खुशाल येऊ दे. पण रात्रंदिवस औषधाच्या एका पाकिटाकडे बघत बसलेली एखादी आई कुठे असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे. मला त्या काळात वाचायला दोनच गोष्टी मिळाल्या, जाहिराती आणि भीती. रेवानं हे वाचलं आहे. दोन वाक्यं तिनं काढायला लावली. एक मी काढलं.

*

करोना गेला तेव्हा सगळ्यांनी मास्क काढले. रेवानंही काढला होता. दहावी संपता संपता तो पुन्हा तिच्या तोंडावर आला. विचारलं तर म्हणाली, “धुळीनं शिंका येतात.” आमच्याकडे रस्त्याची कामं कधी संपत नाहीत, लाल माती सगळीकडे उडत असते, त्यामुळे मला ते पटलं. घरात ती कायम पुस्तकात डोकं घालून असायची. केस गालांवर ओढलेले. अभ्यास करते म्हणून मी खूशच होते.

एकदा बाजारात तिच्या मैत्रिणीची आई भेटली. बोलता बोलता म्हणाली, “रेवा डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसते म्हणे. काय झालंय का हो?”

त्या संध्याकाळी मी तिला खिडकीपाशी उभं केलं आणि केस मागे घेतले. जबड्याच्या कडेनं दुखऱ्या, टणक गाठी उठल्या होत्या. काही पिकल्या होत्या. गालांची कातडी लाल आणि इतकी पातळ झाली होती की तेल लावल्यासारखी चकाकत होती. मला धक्का बसला आणि त्याच्या पाठोपाठ शंका आली. कारण दिवाळीत हाच चेहरा एकाएकी नितळ झाला होता. फेब्रुवारीत पिवळाधम्मक हापूस दिसला तर मी पेटीला हात लावत नाही, कशानं पिकवला असेल ते मला माहीत असतं. पण पोटच्या पोरीचा चेहरा आठवड्यात उजळला तेव्हा मी कौतुकानं कानामागे काजळाचा टिपका लावला होता.

मी तिची बॅग उलटी केली. कंपासपेटीत शेवटच्या थेंबापर्यंत पिळलेली एक ट्यूब निघाली.

“मैत्रिणीनं सांगितली,” ती म्हणाली. “मेडिकलमध्ये मागितली की देतात. लावली की जातात. थांबवली की दुप्पट येतात. म्हणून थांबवली नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू बॅग तपासणाऱ्यांतली आहेस, आई. ऐकणाऱ्यांतली नाहीस.”

काढायला सांगितलेलं आणि मी न काढलेलं वाक्य हे.

*

त्वचेच्या दवाखान्यात बाहेर बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. एरवी रत्नागिरीत कुठल्याही दवाखान्यात बसा, निघेपर्यंत शेजारच्याच्या व्याह्याचंसुद्धा नाव कळतं. इथे जो तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. डाग असलेले एक गृहस्थ, डोक्याला पदर घट्ट लपेटलेली एक बाई, लग्न ठरलेलं वाटावं असं एक जोडपं. थोड्या वेळानं रेवानं आपणहून मास्क खाली घेतला. कुणी वळून पाहिलं नाही. तेवढ्या खोलीपुरता तिचा खांदा सैल झालेला मी पाहिला आणि मला त्या मुक्या लोकांबद्दल माया वाटली.

डॉक्टरबाई साताऱ्याकडच्या. चेहरा बघितला, बोटानं हलकेच दाबून बघितला आणि पहिला प्रश्न रेवाला केला, “कंची ट्यूब लावत होतीस गं?”

मी काही सांगायच्या आधीच त्यांनी ओळखलं होतं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्यानं वरवर निवतं आणि आत बिघडतं, कातडी पातळ होते, बंद केलं की उसळून येतं. मुळात मुरमं होतीच, त्यात ही भर. “आता आधी उसळेल, मग हळूहळू बसेल. आधी वाईट दिसंल, मग बरं. धीर धरावा लागेल,” असं त्या म्हणाल्या.

रेवा रडली नाही. मी मात्र टेबलाकडे बघत होते. पेनाचा स्टँड, कॅलेंडर, चिठ्ठ्यांचं पॅड, सगळ्यांवर एकाच कंपनीचं नाव. मेडिकल दवाखान्याला चिकटून. मी विचारलं, “ही औषधं बाहेर कुठेही मिळतील ना?” डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, “मिळतील की. तुम्ही कुठनंही घ्या, पण ती मागची ट्यूब आन् हे मलम एकच समजू नका.” त्या हसल्या म्हणून मला त्यांचा आणखी संशय आला.

*

पुढचे महिने मलमांचे आणि अँटिबायोटिकचे. त्या म्हणाल्या होत्या तसंच झालं, आधी उसळलं. कपाळावरून साली निघायच्या. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके असायचे, ते रेवा सकाळी माझ्या आधी उठून धुवायची. मला वाटलं होतं, पोरगी आता घरकामाला लागली.

घरात माणसं आम्ही दोघीच. नवरा, संदीप, बोटीवर इंजिनरूममध्ये. महिनोन्महिने समुद्रात. नेटवर्क मिळालं की फोन करायचा आणि मिळालेल्या सगळ्या वेळात वाचलेलं सांगायचा. दूध बंद कर, साखर बंद कर, अमुक रस दे. गावाहून सासूबाईंचे फोन. त्या संगमेश्वर तालुक्यात गावच्या घरी राहतात. त्यांचं निदान ठाम होतं: “अंगातली उष्णता हाय गो. आंबा देव नको, बांगडा देव नको.”

मी दोघांचंही ऐकलं. संशयी माणसाचं हे एक वेडच असतं, कशावरच विश्वास नसतो म्हणून सगळंच करून बघतो. ऐन मे महिन्यात, घरात आंब्याचा वास सुटलेला असताना, रेवासमोर मी दुधीची भाजी वाढत होते. ती मुकाट जेवत होती. पुळ्या होत्या तिथेच होत्या, फक्त आता ती बारीकही झाली होती. शेवटी डॉक्टरबाईंनीच ओरडून मासे आणि आंबा चालू करायला लावला.

मलमांनी कपाळ बरंच निवळलं. जबड्यावरच्या गाठी मात्र हटेनात. एक बसली की शेजारी दुसरी. आणि जी बसेल ती जाताना गालात एक छोटा खड्डा ठेवून जायची.

*

मग ती कॅप्सूल आली. तिचं नाव लांबलचक आहे, मला अजून धड म्हणता येत नाही. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं: काही महिने रोज घ्यायची. ओठ फुटतील, कातडी कोरडी पडेल. मधूनमधून रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. क्वचित कुणाचं मन उदास होतं, त्यावर लक्ष ठेवायचं. आणि मग सरळ रेवाकडे बघत म्हणाल्या, “ही चालू असताना दिवस राहता कामा नयेत. बाळाला फार मोठा धोका असतो. हे मी प्रत्येक मुलीला सांगते.”

“अहो, ती आत्ता कुठे बारावीत गेलीय,” मी म्हटलं.

“प्रत्येक मुलीला,” त्या पुन्हा म्हणाल्या. “आता तुम्ही जरा बाहेर बसा. मला तिच्याशी बोलायचंय.”

पोरीला जन्म दिल्यापासून मला कुणी असं बाहेर काढलं नव्हतं. मी बाहेर जाऊन उभी राहिले, बसले नाही. दाराच्या काचेला कान लावायचा बाकी ठेवला. आत काय बोलतात? काय विचारते ही बाई? आणि रेवा काय सांगते, जे मला सांगत नाही?

स्कूटरवर परत येताना विचारलं, “काय म्हणाल्या?”

“जे सांगायचं ते तुझ्यासमोर सांगितलं. बाकी मला विचारलं, मला काय हवंय ते.”

“मग तू काय सांगितलंस?”

“तू अजून विचारलं नाहीयेस,” ती म्हणाली. समोरून एसटी येत होती, आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं.

घरी आल्यावर मी प्रत्येक पर्यायाचे कल्ले उघडायला बसले. मलमंच चालू ठेवली तर? डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, “मी घाई करत नाही. पण थांबायचं ठरवलं तरी तोबी निर्णयच झाला की. खड्डे पडायला लागलेत, ते पुन्हा भरत नाहीत.” हे बोलणं मला दुकानदाराचं वाटलं, आजच घ्या, उद्या मिळणार नाही. गावच्या वैद्यांचा काढा? पुडीत काय आहे विचारलं तर ते म्हणाले, “सगळं झाडपाल्याचं.” झाडपाला कुठला ते काही सांगेनात. पार्लरवाली म्हणाली, पॅकेज आहे, हमखास जातात. हमखास म्हटलं की मी उठते. आणि कॅप्सूल? लिव्हर, बाळ, उदासी. संदीपनं बोटीवरून नुसता घोशा लावला होता, “मी वाचलंय, पोरं स्वतःला काहीतरी करून घेतात. चेहऱ्यासाठी डोकं घालवायचंय का?” मी म्हटलं, “मग तू ये आणि बघ तिला भिंतीकडे तोंड करून जेवताना.” त्यावर नेटवर्क गेलं. खरंच गेलं की त्यानं ठेवला, याचाही मला संशय आला.

या सगळ्यात एका माणसाचं मत कुणी घेतलं नव्हतं, आणि ते माणूस त्याच घरात पलीकडच्या खोलीत बसलेलं होतं. हे मला तेव्हा जाणवलं नाही.

*

सासूबाईंनी मार्ग काढला. “कौल लावू,” त्या म्हणाल्या. “ही काय साधीसुधी गोष्ट नाय गो. आपण हीर खणली तवा कौल घेतला, तुज्या नवऱ्याला बोटीवर धाडला तवा घेतला. पोरीच्या तोंडाचा प्रश्न हाय. नुस्त्या डागदरणीच्या सांगण्यावर कसा चालंल?”

आमच्या गावी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे अडचण मोठ्यानं देवाला सांगतो. मग ओल्या पाकळ्या पाषाणाच्या उजव्या-डाव्या बाजूला चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवावर माझा विश्वास आहे. गुरवाच्या बोटांवर नाही. तरी मी हो म्हटलं, कारण मला मनातून कुणीतरी दुसऱ्यानं ठरवायला हवं होतं. रेवाला सांगितलं, “आज्जीकडे जाऊन येऊ.”

देवळात पाच-सहा मंडळी होती, भावकीतलीच. रेवा खांबाला टेकून मास्क लावून उभी. गुरवानं हात जोडले, घसा साफ केला आणि सुरू केलं. गाऱ्हाणं पुटपुटत नाहीत, ते साऱ्या गावाला ऐकू जाईल असं खणखणीत घालायचं असतं. हे मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तरी त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

“बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाशी आलीत!”

“व्हय म्हाराजा!” मंडळी एका सुरात म्हणाली.

“हेंच्या पोरीच्या तोंडाला पुळ्या झाल्या हायत, वरीस झाला तरी जाईत नायत! पोर तोंड झाकून फिरते, चार लोकांत येईत नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“काय नजरबाधा आसंल, काय वाकडा पाऊल पडला आसंल, ता दूर कर! डागदरणीनं जालीम गोळी सांगितली हाय, ती द्यावी का न द्यावी, तुजा कौल दे!”

“व्हय म्हाराजा!”

जी गोष्ट तिनं वर्षभर कापडाखाली लपवली ती आम्ही तिच्या देखत आख्ख्या वाडीला ओरडून सांगितली होती. मास्कच्या वर दिसणारे तिचे कान लालबुंद झाले होते. मला धरणी फाटावी असं झालं. आणि तरीही, स्वभाव जात नाही, मी गुरवाच्या बोटांवर डोळा ठेवून होते. उजवी पाकळी त्यानं जरा जास्तच दाबली असं मला वाटलं.

सगळे टक लावून बसले. डावी पडली.

“द्याची नाय,” गुरव म्हणाला. कुणीतरी सुस्कारा सोडला. मलाही सुटल्यासारखं वाटलं.

“पण हे विचारलं कुणी?” रेवाचा आवाज आला. “मी नाही विचारलं. तोंड माझं आहे. मला एकानंही विचारलं नाही.”

“पोरी, देवासमोर आसा बोलू नये,” भावकीतले एक काका म्हणाले.

मी तिला गप्प करायला पुढे झाले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांना रागावताना मी खूप पाहिलं आहे, तो चेहरा हा नव्हता. “बरोबर हाय तिचा,” त्या म्हणाल्या. “माज्या डोळ्याच्या आपरेशनाचा गाऱ्हाणा मीच सांगितलेला. जेच्या आंगावर हाय तेना सांगायाचा. ही काय पाळण्यातली नाय आता. भावोजी, परत लावा.”

“वैनी, एकदा कौल झाला. त्योच सवाल परत कसा लावायचा?” गुरव म्हणाला.

“सवाल दुसरा हाय,” सासूबाई म्हणाल्या. “तिचा हाय.”

रेवा पुढे आली. तिनं मास्क काढून मुठीत धरला. समईच्या उजेडात तो चेहरा सगळ्यांनी पाहिला. गुरवासारखं तिला येत नव्हतं, ती आपल्या शाळेतल्या मराठीत, अडखळत बोलली.

“देवा महाराजा, मला ही गोळी घ्यायची आहे. डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय, भीतीचं पण सांगितलंय. मला काही झालं, मनात काही वाईट आलं, तर मी लपवणार नाही. ट्यूब लपवली तशी नाही लपवणार. आईला सांगेन. पण मी सांगेन ते आईनं खरं मानावं. बॅग तपासून नाही. मी सांगितलं म्हणून.”

ती कुठे थांबली आणि कुठे ‘व्हय’ म्हणायचं, हे मंडळींना कळलं नव्हतं. मग सासूबाई एकट्याच म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.” मागून बाकीचे म्हणाले. रेवा देवाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. सगळ्यांच्या मागून मीही म्हटलं.

गुरवानं पाकळ्या लावल्या. उजवी पडली, आणि इतकी पटकन पडली की ती त्यानं नुसती टेकवली होती असं मला आजही वाटतं. मी ते कुणाला बोलले नाही.

*

कॅप्सूल सुरू झाली. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा आणखी उठला, तेव्हा मी सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, देवासकट. मग ओठ फुटले. इतके की हसली तरी रक्त यायचं. सासूबाईंनी गावाहून कोकमतेलाचा गोळा पाठवला, टाचांच्या भेगांना आमच्याकडे पूर्वापार तेच लावतात. डॉक्टरबाईंनी वास घेऊन बघितला आणि ओठांना चालेल म्हणाल्या. तो गोळा रेवाच्या खिशात कायम असायचा. उन्हात बाहेर पडताना टोपी, स्कार्फ. रक्त काढायला जायचं त्या दिवशी परत येताना वडापाव खायचा, हा आमचा नेम झाला.

माझं काम लक्ष ठेवायचं. ते मला कुणी शिकवायला नको होतं. ती गप्प बसली की वाटे, गोळीचं असणार. मोठ्यानं हसली की वाटे, एवढं हसण्यासारखं काय होतं? बाथरूममध्ये जास्त वेळ लागला की मी दाराशी उगाच बादली वाजवायची. संदीप फोनवर पहिलं विचारायचा, “बोलते का नीट?” आणि मी दिवसभराचा अहवाल द्यायची. एकदा रेवानं तो ऐकला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तेही मी त्याला अहवालात सांगितलं.

एका संध्याकाळी ती आली ती बॅग फेकून आत गेली आणि पालथी पडून रडायला लागली. मी दारात उभी राहिले. गोळ्या बंद करायच्या, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

“आई, हे गोळीचं नाहीये,” ती उशीतून म्हणाली. “भांडण झालंय.” ज्या मैत्रिणीनं ट्यूब सांगितली होती तिच्याशी. ती म्हणाली होती, तू आता मास्क काढून मिरवतेस, मला एका शब्दानं नाही सांगितलंस काय करतेस ते.

मला खरं वाटलं नाही. प्रत्येक मूल असंच सांगतं. बॅग दारातच पडली होती, तिची चेन अर्धी उघडी होती आणि माझी बोटं शिवशिवत होती. मी पदराची टोकं हातात धरली आणि म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

रडता रडता ती हसली. ओठ फुटला, रक्त आलं. मी कोकमतेल आणून दिलं.

तेव्हापासून आमच्या घरात ते वाक्य चालू झालं. पटलं नाही तरी खरं मानलं, असा त्याचा अर्थ.

*

औषध संपून आता बराच काळ झाला. आता चेहरा कसा आहे, तर गाठी गेल्या. गालावर खड्डे आहेत, जबड्याजवळ जरा जास्त. थांबलो नसतो तर कमी पडले असते, हे मला कळतं, आणि कॅप्सूल घेतल्यावर मला एकही रात्र निवांत झोप नव्हती, हेही खरं आहे. दुसऱ्या कुणाच्या मुलीसाठी काय करावं ते मी सांगणार नाही. तिचा डॉक्टर सांगेल. फक्त मुलीला एकदा विचारा, आणि शक्यतो देवळात ओरडून नको. पुन्हा उठतील का? उठू शकतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून सकाळी उजेडात मी तिची हनुवटी अजून वर करून बघते. ती म्हणते, “मी पापलेट आहे का?”

पण मला सांगायचा आहे तो दिवस मधला आहे, औषध चालू असतानाचा. आरे-वारेच्या रस्त्यानं आम्ही स्कूटरवरून येत होतो. चढावर समुद्र दिसायला लागला की ती नेहमी काहीतरी गुणगुणायची. त्या दिवशी माझ्या पाठीवर थापटून म्हणाली, “आई, थांब.”

बाजूला घेतली. ती खाली उतरली, समुद्राकडे बघत उभी राहिली.

“आज मात्र खरंच बरं वाटत नाहीये. भांडण नाही, काही नाही. गेले काही दिवस उगाचच सगळं नकोसं वाटतंय. म्हणाले होते सांगेन, म्हणून सांगतेय.”

ज्या शब्दांची मी महिनोन्महिने दाराआड उभी राहून वाट पाहत होते ते हेच होते. आणि ते आले तेव्हा माझ्यातली मास्तरीण काय म्हणाली? सोमवारपासून सहामाही आहे. अभ्यास झालेला नाही. बरोबर आत्ताच कसं वाटेनासं झालं?

इतकं खरं बोलणं आयुष्यात कुणी माझ्याशी बोललं नसेल, आणि मी त्याचेही कल्ले उघडायला निघाले होते. माझी मला शरम वाटली.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. स्कूटर वळवली आणि घरी न जाता सरळ दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाईंनी गोळी त्याच दिवशी थांबवली. एका मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. पुढे महिन्याभरानं, सगळं नीट बघून, कमी डोसवर पुन्हा सुरू केली, आणि पुन्हा सुरू करायची का हे त्यांनी रेवाला विचारलं, मला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही आत जाऊन बसलो, रेवानं सुरुवात केली आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाईंनीही बघितलं.

त्यांनी काही म्हणायच्या आत मी उठले. “मी बाहेर बसते,” म्हटलं, “सावकाश बोल.”

बाहेर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. मी दाराला कान लावला नाही. खुर्ची मात्र दाराजवळची घेतली.